पेन्शनीतला हिवाळा, समुद्रकाठी

कोकणातला माणूस नोकरीतून मोकळा झाला, की बहुधा गावाकडे परततो. पहिले चार महिने घराची डागडुजी, माडांची आळी, पैपाहुणे यांत बरे जातात. मग दिवस लांब वाटू लागतो. अशा मंडळींसाठी आज एक उद्योग सुचवतो. भांडवल म्हणाल, तर एक वही, एक पेन्सिल आणि जमल्यास साधी दुर्बीण. दिवाळी सरली की होळीपर्यंत रोज पुळणीवर जावे आणि तिथे कोण कोण आले आहे ते पाहावे.

आपल्या किनाऱ्यावरची थंडी मोठी समजूतदार. घाटावर हुडहुडी भरते, तेव्हा इथे पहाटे एखादी शाल पुरते. ही ऊब हजारो पक्ष्यांनाही मानवते. तिकडे उत्तरेत पाणी गोठते, चिखल दगडासारखा होतो, चोच घालायला जागा उरत नाही. म्हणून पोटासाठी ती पाखरे इकडे येतात. म्हणजे बघा, हे सगळे चाकरमानीच! आपला चाकरमानी पोटासाठी मुंबईला गेला आणि सणाला गावी आला. यांचे गाव उत्तरेत आणि नोकरी आपल्या पुळणीवर.

कुरव पक्षी आपण सारे पाहतो. त्यांतल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण लडाख-तिबेटातल्या उंच सरोवरांकाठी होते. हिवाळ्यात मात्र त्याचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका दिसतो. पुढे उन्हे तापू लागली, की त्या डोक्यावर हळूहळू तपकिरी टोपी चढते. ती दिसली की समजावे, याला गावाची ओढ लागली.

आता पाहायला जायचे कधी? ते पंचांगालाच विचारावे. तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची अदमासे वेळ निघते, हा आपल्या जुन्या लोकांचा हिशेब. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगतात. भरती चढू लागली, की तेच पक्षी उरलेल्या कोरड्या वाळूवर दाटीने येऊन बसतात. भरतीपूर्वीचे दोन तास म्हणूनच पाहणाऱ्याला सर्वांत सोयीचे.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना इथे एक धडा जरूर दाखवावा. आखूड चोचीचा चिखल्या चार पावले पळतो, थांबतो आणि वरवरचा किडा टिपतो. त्याच्याच शेजारी खाली वाकलेल्या लांब चोचीचा मोठा पक्षी खोल बिळातला खेकडा ओढून काढतो. चिखल एकच, पण ज्याची चोच जेवढी, तेवढे त्याचे ताट. त्यामुळे शेजाऱ्याशी भांडण कमी.

रोज पाहण्यातून काय निष्पन्न होते, असे कोणी विचारील. १९३० साली सालीम अली नोकरीवाचून होते. ते अलिबागजवळ किहीमला राहायला आले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते तिच्यासमोर बसून राहिले. नर अर्धेच घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडले तरच काम पुरे होते, आणि मग तो नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी टिपून ठेवले. रिकाम्या वेळाचे त्यांनी असे सोने केले.

दुसरी गोष्ट मंडणगड तालुक्यातल्या वेळासची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसे २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करीत होती. त्या वेळी वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांचा माग लागला. पुढे गावकऱ्यांच्या साथीने तिथे अंडी राखण्याचे काम उभे राहिले. आज कोकणातली अनेक गावे हे काम करतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले पाण्याकडे निघतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. कोणीतरी जागे राहून पाहत होते, म्हणून हे कळले.

आता थोडे काळजीचे बोलतो. वाळूवर स्वस्थ बसलेला थवा आपल्याला रिकामटेकडा वाटतो. प्रत्यक्षात तो दमलेला असतो, आणि परतीच्या वाटेसाठी अंगात चरबी साठवीत असतो. पोरे आरडत धावली, कुत्रे सोडले, कोणी पुळणीवर मोटार घातली, की सारा थवा उडतो आणि मिळवलेली शक्ती वाया जाते. दिवसातून दहा वेळा असे झाले, तर तो पक्षी हजारो कोस कशाच्या बळावर जाणार? मांडव्याच्या लाँचवरून कुरवांना गाठ्या आणि वेफर्स फेकतात, तेही बरे नव्हे. मासे-किडे खाणाऱ्या पोटाला तेलमीठ कसे मानवेल? शिवाय तो आपली शिकार सोडून बोटीमागे लागतो.

इथेच पेन्शनरांचे खरे काम आहे. गावात वेळ असलेला आणि ज्याचा शब्द ऐकला जातो, असा माणूस म्हणजे निवृत्त गुरुजी, निवृत्त पोस्टमास्तर, मुंबईहून परतलेले काका. “बाळांनो, जरा लांबून जा, पाखरे बसलीत,” एवढे त्यांनी सांगितले, तरी पुष्कळ झाले. वहीत तारीख, तिथी, जागा आणि अंदाजे संख्या लिहावी. नाव ठाऊक नसेल, तर पायांचा रंग आणि चोचीची लांबी लिहावी. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा. पाच हिवाळ्यांची अशी वही झाली, म्हणजे थवे वाढले की रोडावले, हे गावाला पुराव्यानिशी सांगता येईल. बाहेरून दोन दिवस येणाऱ्या पंडिताला ते सांगता येणार नाही.

तर मंडळी, उद्या पंचांग पाहा, भरतीची वेळ काढा आणि पुळणीवर चला. जाताना शेजारच्या एखाद्या मुलाचे बोट धरायला विसरू नका. पुढे ती वही त्यालाच चालवायची आहे.