मुक्ताईची हाक
(शताब्दी सोहळ्यातील प्रवचन)





शंभर वर्षं झाली म्हटल्यावर चाललेल्या वाटेच्या आठवणी निघणारच. मी मात्र न चाललेल्या वाटेबद्दल बोलणार आहे. साल २०२०. एरवी आपल्या मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि मलकापूर, बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभरानं पंढरीला पोचते. त्या वर्षी करोना होता. मोजक्या वारकऱ्यांसह पादुका एसटीनं गेल्या. १ जुलैला आषाढी झाली आणि आपण घरात बसून कळसाला हात जोडले. २०२१ लाही तेच. २०२२ ला पायी वारी पुन्हा निघाली, तेव्हा पंगतीतली काही माणसं उरली नव्हती.

त्याच सुमारास एका माउलीनं मला विचारलं, "महाराज, चाळीस वर्षं गळ्यात माळ आहे. एकादशी चुकवली नाही. तरी माझा कर्ता मुलगा गेला. यात पांडुरंगाचा काय हेतू?"

मायबाप, अशा वेळी 'जे होतं ते भल्यासाठी' असं पटकन म्हणू नये. ज्याचं घर बसलं त्याला ते बोल मिठासारखे झोंबतात. देवानं दुःख का दिलं, हे मला सांगता येत नाही. पण त्या दुःखात आपल्या संतांनी काय केलं, ते सांगता येतं.

मुक्ताईचंच बघा. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, चार लेकरं उघडी पडली. गावानं वाळीत टाकलं. एक दिवस लोकांचे बोल जिव्हारी लागून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताई सगळ्यांत धाकटी. तिचं दुःख काय कमी होतं? पण ती ताटीबाहेर उभी राहिली आणि थोरल्या भावाला समजावत राहिली. लोक वाईट नाहीत, असं तिनं म्हटलं नाही. लोक आग झाले तरी संतानं पाणी व्हावं, एवढंच तिचं मागणं. ज्ञानोबा बाहेर आले. ती ताटी तशीच बंद राहिली असती तर? पुढं ज्ञानेश्वरीचा जो प्रसाद आपल्याला मिळाला, तो त्या उघडलेल्या दारातून आला असं मी मानतो.

आता आपल्या मातीतलं बघा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. ऐन तिशीत कपाळाचं कुंकू गेलं, पदरात लेकरं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेत सुटलं नाही, जातं सुटलं नाही, आणि त्या जात्यावरच ओव्या सुचत गेल्या. लेक सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्या उतरून ठेवल्या. १९५१ ला बहिणाबाई गेल्या. १९५२ ला ती गाणी पुस्तकरूपानं आली, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की खान्देशात केवढी माउली होऊन गेली.

आणि धुळ्याचा तुरुंग! १९३२ साली तिथं विनोबा कैदेत होते. तुरुंग काही कोणी हौसेनं मागत नाही. विनोबांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकायला कैदी, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी. भिंती होत्या तिथंच राहिल्या, कुलपं तशीच होती. पण त्याच भिंतींच्या आतून 'गीता प्रवचने' बाहेर आली आणि आजही घराघरांत वाचली जाते.

म्हणून त्या माउलीला मी एवढंच म्हणालो, "बाई, हेतू मला ठाऊक नाही. रडू आलं तर रडा, विठोबाशी भांडा. पण ताटी लावून एकट्या बसू नका." पुढच्या एकादशीला दिंडीतल्या चार बाया तिच्या घरी हरिपाठाला गेल्या. मग दर एकादशीला जायला लागल्या. आज तिच्याच ओट्यावर गल्लीतली पोरं हरिपाठ शिकतात. मुलगा परत आला नाही. दुःखही गेलं नाही. पण त्या दुःखाला काम मिळालं.

माणसं म्हणतात, "काय करवं माय, पांडुरंगनी मर्जी." खरं आहे. पण मर्जी म्हणून हात बांधून बसणं म्हणजे भरवसा नव्हे. वादळात उभी केळी आडवी होते, तरी आपण पुन्हा कंद लावतो ना? तो भरवसा. वाट बंद झाली तरी नेम सुटत नाही, तो भरवसा.

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीनं एक नेम धरावा, अशी माझी विनवणी आहे. जो वारकरी लागोपाठ दोन एकादशींना भजनाला दिसला नाही, त्याच्या दारी आपल्यातल्या कोणीतरी जावं. पीक बुडालं असेल, आजारपण असेल, घरातलं माणूस गेलं असेल. उपदेश करू नका. ओट्यावर बसा, चहा घ्या, टाळ काढा. मुक्ताईनं हाक मारली, तशी हाक मारा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!