डोंगराची मजुरी कोण देणार?

(चांदवड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



चांदवडचा कांदा मुंबईच्या बाजारात जातो. त्याच्या भावात शेतकऱ्याचे श्रम पुरते धरले जात नाहीत, ही आपली जुनी तक्रार; निसर्गाचे श्रम तर मुळीच धरले जात नाहीत. सातमाळ डोंगररांगेच्या उतारावरील गवत पावसाचे पाणी थोपवते. तेच पाणी मुरून पायथ्याच्या विहिरींना येते. डोंगळ्यांच्या फुलांवर मधमाशी फिरली, तरच कांद्याचे बी चांगले भरते. डोंगर उघडा पडला, औषधांच्या माऱ्याने माशी मेली, तर ऐपतदार विहीर आणखी खोल नेतो, बी विकत आणतो. भूमिहीन स्त्रीच्या वाट्याला मात्र हंड्याची वणवण येते.

१९७२ च्या दुष्काळात अशाच स्त्री-पुरुषांनी महाराष्ट्रभर खडी फोडली. त्या अनुभवानंतर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा मागणी नेमकी करा: सार्वजनिक पैसा बांधबंदिस्तीवर, झाडांवर, गवताच्या राखणीवर खर्च व्हावा आणि राखणाऱ्याला पुरी मजुरी मिळावी. शहर हे ऋण दरवर्षी काढते. ते फेडण्याची मागणी प्रत्येक ग्रामसभेतून उठवणे, हे आपले काम आहे.