“घरात कुणी अपंग आहे का?” हा प्रश्न पुरत नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढच्या महिन्यात आपण गावोगावी दिव्यांग व्यक्तींचा सर्व्हे करणार आहोत. घरोघरी जायचं, विचारायचं, फॉर्म भरायचा, एवढंच काम वाटतं. पण सर्व्हेत माणूस सापडतो की हरवतो, हे प्रश्न कसा विचारला त्यावर ठरतं.

एक उदाहरण देते. २००१ च्या जनगणनेत देशात दृष्टीची अडचण असलेले सुमारे १ कोटी ६ लाख लोक मोजले गेले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण झालं, त्यात असे लोक निघाले सुमारे २८ लाख. वर्षभरात एवढ्या लोकांचे डोळे बरे झाले का? नाही. जनगणनेत एकाच डोळ्याने दिसत असेल तरी नोंद होत होती. सर्वेक्षणाची व्याख्या वेगळी होती. व्याख्या बदलली की आकडा बदलतो.

डोळ्याचं, पायाचं अपंगत्व निदान दिसतं तरी. मेंदूच्या आणि नसांच्या आजारातून येणारं अपंगत्व पटकन दिसत नाही. फिट येणारी मुलगी बाकीच्या वेळी धडधाकट असते. आजोबांचे हात थरथरतात, पावलं अडखळतात, तर आपण म्हणतो, “वय झालं.” खरं तर तो कंपवात असू शकतो. स्वमग्न मुलाला “हट्टी आहे” म्हणतात. अर्धांगवायूनंतर काकूंना शब्द सापडत नाहीत, पण त्यांना कुणी अपंग म्हणत नाही. मग दारात येऊन कुणी विचारलं, “घरात कुणी अपंग आहे का?” तर उत्तर येतं, “नाही हो, कुणी नाही.”

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. रकाने होते आठ. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, कंपवात यांना स्वतःचा रकाना नव्हता. ‘इतर’ या एका रकान्यात ४९ लाखांहून जास्त लोक गेले. ते कोण, त्यांना कशाची गरज, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यात या तिन्हींची नावं आली.

२०१८ मध्ये देशभरातल्या सुमारे १ लाख १८ हजार घरांत पुन्हा सर्वेक्षण झालं. पुरुषांत शंभरात २.४ दिव्यांग निघाले, बायकांत १.९. बायकांना अपंगत्व कमी येतं, की घरचे सांगत नाहीत? आकडा ते सांगत नाही. पण दारात उत्तर कोण देतं आणि “पोरीचं लग्न व्हायचंय” म्हणून काय लपवलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. त्याच सर्वेक्षणात प्रमाणपत्र असलेले दिव्यांग होते फक्त २८.८ टक्के.

म्हणून आपण आजाराचं नाव विचारायचं नाही, अडचण विचारायची. जगभरात वापरले जाणारे सहा प्रश्न आहेत. दिसायला त्रास होतो का? ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, लक्ष द्यायला? अंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः करायला? बोलणं समजायला, समजवायला? उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. घरातल्या प्रत्येकाबद्दल वेगळं विचारायचं, आणि जमेल तिथे त्या माणसालाच विचारायचं.

फिटचा आजार या सहा प्रश्नांत निसटतो. म्हणून आपल्या फॉर्मवर सातवा प्रश्न आहे: कुणाला फिट किंवा आकडी येते का, औषध नियमित चालू आहे का? पाच वर्षांखालच्या मुलांना हे सहा प्रश्न लागू पडत नाहीत. तिथे आईला विचारा: बाळ मान धरतं का, बसतं का, हाक मारली की बघतं का? दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल तर नोंद घ्या आणि आशाताईला कळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा ते मूल दाखवायचं.

आता तीन गोष्टी पाळायच्याच. एक, आधी परवानगी घ्यायची. नाही म्हणाल्या तर फॉर्म बंद. दोन, आपण डॉक्टर नाही. “तुमच्या मुलाला अमुक आजार आहे” असं कुणालाही सांगायचं नाही. तीन, नावांची यादी गटाच्या बैठकीत वाचायची नाही, व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. बैठकीत फक्त आकडे येतील.

आणि आकडे आले की ते कपाटात ठेवायचे नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. “आमच्या गावात दिव्यांग आहेतच किती?” असं ग्रामसभेत कुणी म्हणालं, तर आपल्याकडे उत्तर असेल. ज्यांची इच्छा असेल त्यांना प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी सोबत करू. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. त्याचा अर्ज भरायला मदत करू. पण सर्व्हे करताना “तुम्हाला पैसे मिळतील” असं आश्वासन देऊ नका. जे आपल्या हातात आहे तेवढंच बोला.

ताईंनो, सरकारी माणूस दारात दहा मिनिटं थांबतो. तुम्ही त्या घरात वर्षानुवर्षं जाता, हळदीकुंकवाला आणि दुखण्याखुपण्यालाही. कुठल्या घरात कोण आतल्या खोलीत असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा सर्व्हे तुम्हीच नीट करू शकता.

फॉर्मचा सराव आज जेवणानंतर, दोघी-दोघींच्या जोडीने करू.