दहा रुपयांचे बालपण



शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाणी भरून, दळण आणून चार पैसे जमविल्याची आठवण नंदगडसारख्या बाजारगावातील वडीलधारी मंडळी हसत हसत सांगतात. जत्रेसाठी जमविलेला पैसा आणि पोटासाठी मिळविलेला पैसा यांत मात्र फरक करावयास हवा.

कविवर्य नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या वाट्याला आला तो दुसरा. त्या अनाथ अर्भकाला गिरणीकामगार गंगाराम सुर्वे यांनी पदरात घेतले, चौथीपर्यंत शिकविले. पुढे गंगाराम कोकणात परतले ते मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून. मग मुंबईत एकट्या उरलेल्या त्या पोराने कोणाच्या घरी घरगडी म्हणून राबावे, कोणाचे कुत्रे सांभाळावे, दूध पोचवावे, हॉटेलात कपबशा विसळाव्यात! अशा दिवसांना ‘रम्य’ म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. शाळेतही ते प्रथम शिरले शिपाई म्हणून. शिक्षक झाले ते नंतर.

१९६६ च्या संग्रहास त्यांनी नाव दिले ‘माझे विद्यापीठ’. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तो संग्रह ग्रंथालयातून घरी नेणाऱ्या सभासदांनी, परत करण्यापूर्वी, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांनाही दोन दिवस वाचावयास द्यावा.