गणिताला भांडवल



गणिती म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फळ्यासमोर उभा असलेला मास्तर येतो. भांडवलाशी त्याचा संबंध काय? परंतु गणितीच भांडवलाच्या शोधात निघाला तर काय घडते, हे नरेंद्र करमरकर यांच्या उदाहरणावरून पाहू.

करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. १९७८ साली मुंबईच्या आय. आय. टी.तून ते पदवीधर झाले, पुढे अमेरिकेत गेले आणि १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी एक नवी रीत मांडली. ती कसली? वसमतकडच्या शेतकऱ्याचेच उदाहरण घ्या. रान दहा एकर, विहिरीचे पाणी मोजके, हाती रोकड ठराविक. तर हळद किती लावावी आणि सोयाबीन किती पेरावे, म्हणजे पदरात अधिकात अधिक पडेल? दोन पिकांचा हिशेब पाटीवर सुटतो. विमान कंपनीला मात्र हजारो गोष्टींचा असा मेळ घालावा लागतो. डँट्झिग यांची १९४७ची रीत शक्य उत्तरांच्या आकृतीच्या कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्याने चालते. करमरकरांनी आकृतीच्या पोटातून वाट काढली. या रीतीचे पेटंट मात्र ज्यांच्या पदरी ते नोकरीस होते, त्या ए. टी. अँड टी. कंपनीचे झाले. पैसा ज्याचा, हक्क त्याचा!

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. भूमितीच्या एका शाखेवरून महासंगणकाची नवी रचना करावी, हा त्यांचा ध्यास. त्याला लागणारे भांडवल टाटा उद्योगसमूहाकडून मिळाले आणि पुण्यास कंपनी निघाली. नोव्हेंबर २००७ मध्ये तिचा 'एका' हा महासंगणक जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला. खर्च सुमारे तीन कोटी डॉलर. पण त्यात जोडलेली होती ती एच. पी. कंपनीची बाजारातली तयार यंत्रे. आणि करमरकरांचा त्या कंपनीशी असलेला संबंध त्याच वर्षापर्यंतचा. २०१२ साली ती कंपनी टी. सी. एस.मध्ये गेली.

यात दोष कोणाचा, हे मी ठरवीत बसणार नाही. भांडवल दिवस मोजते. गणिताला दिवसांचा हिशेब देता येत नाही. म्हणूनच नफ्याची घाई नसलेला सार्वजनिक पैसाही लागतो. आपल्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो प्रकल्पास एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ते गुरुत्वलहरी टिपण्यासाठी. त्यातून उद्या व्याज येईल म्हणून नव्हे.

उद्या आपल्याच घरातली एखादी मुलगी अशी कल्पना घेऊन भांडवल मागावयास निघाली, तर तिला अडवू नका. फक्त दोन गोष्टी आधी कागदावर लिहून घ्यावयास सांगा: कल्पनेची मालकी कोणाची, आणि पैसेवाला किती वर्षे थांबणार. या दोन ओळी लिहावयास गणित लागत नाही. पण त्या राहिल्या, तर उत्तम गणितही परक्याच्या खात्यावर जमा होते.