सिस्टरबाईंची तयारी कशी मोजावी?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाआधी दहा मिनिटे बोलावे अशी मला आज्ञा झाली. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पुस्तकी विषय न घेता पोरांच्या तापाचाच घेते.

१९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावी एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या संशोधकांनी त्याला गावाचेच नाव दिले. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी वार्ता नव्हती. २००३ साली तो आंध्रात व आपल्या महाराष्ट्रात उसळला. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. ताप, झटके, बेशुद्धी, आणि दोन दिवसांत सारे आटोपते. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी सँडफ्लाय नावाची बारीक माशी तो पसरवते. तसल्या भिंती आपल्या भागात काय थोड्या आहेत?

अशा वेळी डॉक्टर मागून भेटतात. आधी गाठ पडते ती उपकेंद्रातल्या नर्सबाईची. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब. त्यातून पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. मग त्या बाईची तयारी आहे की नाही, हे आधी कळायला नको का?

ते कळावे म्हणून बहुधा छापील कागद देतात. नव्या साथीसाठी आपण किती तयार आहात? पुष्कळ, बऱ्यापैकी, की कमी? नव्या सुनेला "भाकरी येते का गं?" विचारले तर ती "येते" असेच म्हणणार! परात पुढे ठेवली म्हणजे खरे काय ते दिसते. शिवाय नोकरीतली बाई वरच्यांच्या कागदावर "कमी" कशाला लिहील? आणि जिने खरी साथ पाहिली, तीच कदाचित स्वतःला कमी गुण देईल, कारण काय काय लागते ते तिला ठाऊक असते.

म्हणून हात पाहावेत. मोजे काढताना बाहेरची बाजू कातडीला लागते का? झटके येणाऱ्या मुलाला ती कुशीवर निजवते, की आईला त्याच्या तोंडात पाणी ओतू देते? तापाचा आकडा आणि वेळ लिहून ठेवते का? हे आपल्याच मुलखात करून दाखवलेले आहे. गडचिरोलीजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या थोड्या शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला शिकवले. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले की न्यूमोनियाचा संशय. नुसते शिकवून सोडले नाही. गावात जाऊन त्यांचे काम व नोंदी ताडून पाहिल्या.

पण हात पाहून भागत नाही, कपाटही उघडावे लागते. २०१८ साली केरळात निपाह आला. पेरांब्राच्या तालुका इस्पितळातल्या लिनी पुथुस्सेरी या परिचारिकेने रोगाचे नाव कळण्याआधीच रोग्याची सेवा केली आणि ती त्यातच गेली. मागे लहान मुले राहिली. सेवेत ती कुठे कमी पडली? हातमोजे, मास्क, साबण, नळाला पाणी, बोलावल्यावर येणारी गाडी, यांचे गुण नर्सबाईच्या नावावर मांडता येत नाहीत. ते वरच्यांच्या नावावर मांडावेत.

माझा एवढाच प्रस्ताव आहे. लसीकरणाला सिस्टरबाई येतील तेव्हा मंडळातल्या दोघींनी त्यांच्याजवळ बसावे, केंद्रात काय आहे व काय नाही हे त्यांनाच विचारून लिहून घ्यावे, आणि मृग लागण्याआधी तो कागद ग्रामसभेत वाचावा. अध्यक्षाबाईंनी हा प्रस्ताव आजच मतास टाकावा.