निरोप आणि रामराम



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर मोठे विषय मांडावेत असा प्रघात पडला आहे. आमचा विषय त्या मानाने अगदीच लहान आहे. माणूस आपली पहिली नोकरी सोडतो, त्या दिवशी बरोबरच्या माणसांचा निरोप तो कसा घेतो, एवढ्यावरच आम्ही बोलणार आहोत. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. हे निरोपसमारंभाचे खूळ त्याने कोठून काढले, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्यांनी थोडा धीर धरावा. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. फाटकातून आत जाणारा माणूस आम्ही जितका पाहिला, तितकाच बाहेर पडणाराही पाहिला आहे.

प्रथम आपली भाषाच पाहा. कोणी नोकरी सोडली की आपण म्हणतो, त्याने नोकरीला रामराम ठोकला. रामराम हा खरे तर भेटीचा शब्द. पण नोकरीच्या बाबतीत तो घालत नाहीत, ठोकतात! त्या क्रियापदात सगळा राग आला. दुसरा शब्द निरोप. निरोप म्हणजे रजा घेणे, आणि निरोप म्हणजे कोणाजवळ सांगून पाठवलेली गोष्ट. 'आईला एवढा निरोप सांग' म्हणतो तो हाच शब्द. रजा घेताना काहीतरी सांगायचे असते, हे आपल्या पूर्वजांनी शब्दातच घालून ठेवले आहे. आणि उंबऱ्यावरून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आपले गुजराती शेजारीही 'आवजो' म्हणूनच निरोप देतात.

आता आपल्या या हाटकेशकडे वळू. येथे उद्योगनगरातले गाळे आणि राहत्या इमारती हाकेच्या अंतरावर आहेत. मीरा-भाईंदर म्हटले की जुन्या माणसाला मिठागरे आठवतात आणि मधल्या पिढीला स्टीलची भांडी. मिठागरावरचा मजूर पावसाळ्याच्या तोंडाला गावी जाई आणि पाऊस सरल्यावर परत येई. त्याला निरोप पाऊसच देत असे. गाळ्याला हंगाम नाही. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, कोकण, कोठून कोठून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले येथे आयुष्यातले पहिले काम धरतात. दोन-तीन वर्षे जातात, आणि एका सोमवारी त्या मुलाच्या जागी दुसराच मुलगा उभा असतो. "तो कुठे गेला?" "गेला." एवढीच नोंद! हल्ली मोबाइलवर एक ओळ येते, अमुक यांनी ग्रुप सोडला. यंत्राला जेवढी रीत कळते तेवढीही आम्ही पाळत नाही.

निवृत्त होणाऱ्याचा मान आपण राखतो. लोकल गाडीच्या मोटरमनची शेवटची फेरी असली की त्याचे सोबती हार घेऊन फलाटावर उभे राहतात. कचेऱ्यांतून शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात, पैकी दोन तरी लांबतात. पण पहिली नोकरी सोडणारा म्हातारा नसतो. तो चार पैसे जास्त मिळतात म्हणून निघालेला असतो. मालक म्हणतो, शिकवून तयार केला आणि उडाला. सोबती म्हणतात, आपल्याला टाकून पळाला. या दोन्ही बोलण्यांना भिऊन तो बिचारा शनिवारी संध्याकाळी डबा उचलतो आणि भिंतीच्या कडेने निघून जातो. आम्हांला हे पळणे वाटत नाही. पहिल्या नोकरीशी कोणाचे लग्न लागलेले नसते.

आम्ही स्वतः १९८९ साली अशाच एका गाळ्यातली नोकरी सोडली. स्टीलच्या थाळ्या ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर आम्ही बावीस महिने होतो. शेवटच्या आठ दिवसांचा पगार "नंतर बघू" म्हणून राहिला, तो आजतागायत राहिला आहे. मालक दारात उभा होता, त्यामुळे कोणी मान वर केली नाही. पॉलिशवर काम करणारे एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. बफच्या काजळीने त्यांचे तोंड काळे झालेले असे. ते हात पुसत रस्त्यापर्यंत आमच्या मागे आले आणि म्हणाले, "नव्या ठिकाणी प्रेसवर बसवतील. बसण्याआधी गार्ड आहे का बघ. नसला तर पहिल्याच दिवशी माग. मी मागितला नव्हता." एवढे बोलून त्यांनी उजवा पंजा पुढे केला. त्याला दोन बोटे नव्हती. बावीस महिने आम्ही तो हात रोज पाहत होतो. बोटे प्रेसमध्ये गेल्यावर त्यांना पॉलिशवर बसवले होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. आम्ही नव्या ठिकाणी गार्ड मागितला. चार दिवस टोमणे खाल्ले, आणि गार्ड बसला. हे टाळ्यांसाठी आमची दहाही बोटे दाखवून आम्ही सांगत नाही. जाताना जर मामा रस्त्यापर्यंत आले नसते, तर ती गोष्ट आम्हांला दुसऱ्या कोणत्या दिवशी त्यांनी सांगितली असती?

राहणारा जाणाऱ्याला असे काही सांगतो, तसेच जाणाऱ्यानेही राहणाऱ्यांना सांगावे. काय सांगावे? नव्या जागी पगार किती ठरला ते सांगावे. आपल्याकडे पगार सांगणे म्हणजे अंगावरचे वस्त्र काढण्यासारखे समजतात, आणि त्या लाजेवर मालकाचा संसार चालतो. एकाच गाळ्यात, एकाच मशीनवर, दोघांना वेगळा पगार, आणि दोघांनाही ठाऊक नाही! जाणाऱ्याला आता भय नाही. त्याने चहाच्या वेळी उघड म्हणावे, "मला तिकडे इतके देणार आहेत, पावतीसह देणार आहेत, आणि ओव्हरटाइम दुप्पट आहे." बस्स. आमची पन्नास पत्रके जे करीत नाहीत ते हे एक वाक्य करते.

न सांगता जाणे केवढे महाग पडते, याचा दाखला मुंबईच्या गिरणगावात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत बदलीवर लागलेली, पहिलीच नोकरी करणारी कितीतरी तरुण मुले होती. शेजारच्या साच्यावरच्या माणसाला कोणी निरोप दिला नाही, देणार कशाला? थोड्या दिवसांत परत यायचे होते. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही, आणि हजारो माणसे पुन्हा आत गेली नाहीत. कोणी कोकणात गेला, कोणी घाटावर, कोणी आपल्या या बाजूला येऊन गाळ्यात लागला. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना निघाली, २०१२ पासून म्हाडाने त्यांच्या सोडती काढल्या. अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर असला पाहिजे. मग धावाधाव! तिकीट नंबर कोणता, खाते कोणते, भविष्यनिधीचा कागद कोठे? ज्याच्याजवळ कागद नव्हता तो जुन्या सोबत्याला शोधू लागला, आणि सोबत्याचे गाव कोणते हे त्याने विचारून ठेवलेले नव्हते. तीस वर्षे मध्ये गेली होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली, पण निरोपाचा दिवस कोणत्याच कायद्यात बसत नाही.

कायद्यावरून एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात सात वर्षे काम केलेल्या मुलाने ग्रॅच्युइटी मागितली. महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेरा हजार. त्याला सव्वीसने भागले की रोजचे पाचशे. पंधरा दिवसांचे साडेसात हजार. सात वर्षांचे बावन्न हजार पाचशे. हिशेब सोपा आहे. पण मालकाचे म्हणणे असे, की हा इसम आमचा नव्हेच, आणि आमच्याकडे दहा माणसेही कधी नव्हती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याला किमान दहा कामगार लागत. नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही. त्या मुलाजवळ एकच गोष्ट निघाली. निघताना सोबत्यांनी वर्गणी काढून वडापाव मागवला होता, आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता. फोटोत मालक स्वतः त्याच्या हातात नारळ देत आहे, मागे गाळ्याची पाटी आहे, भिंतीवर कालनिर्णयाचे पान आहे. आणि मालक सोडून माणसे मोजली, तर अकरा! त्या अकरांतले तिघे आम्हांला सापडले, आणि सात वर्षांची साक्ष त्यांनी दिली. मुलाला पैसे मिळाले. नारळ देताना मालकाच्या मनात माया होती हे आम्ही नाकबूल करीत नाही. वकिलाकडे गेल्यावर ती आटली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांच्याविषयी आमचे मत कडू आहे, ते दुसऱ्या व्याख्यानात. पण वेतनसंहितेतले एक कलम जाणाऱ्याच्या उपयोगी आहे: आपण होऊन राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता झाला पाहिजे. १९३६ च्या जुन्या कायद्यात ही मुदत मालकाने काढलेल्या माणसापुरतीच होती. तेव्हा राजीनामा लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि मग खुशाल वडापाव मागवावा.

समारंभ कसा करावा, हे आम्ही काय सांगणार? तोंडाला केक फासण्याची नवी तऱ्हा आम्हांला रुचत नाही. खाण्याची वस्तू आहे, खावी. जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटे पुरतात. जुने हिशेब त्या दिवशी उकरू नयेत. ज्याने हात धरून काम शिकवले त्याचे नाव सर्वांसमक्ष घ्यावे, मग तो मिस्त्री कितीही खडूस असो. रात्रीचा वॉचमन आणि झाडू मारणारी बाई यांना विसरू नये. बहुधा त्यांनाच विसरतात. एकमेकांचे गाव, तालुका, घरचा फोन लिहून घ्यावा. मोबाइल नंबर बदलतात, तालुका बदलत नाही.

आणि टपरीवाल्याची उधारी फेडावी. आमच्या ओळखीचा एक चहावाला आहे. त्याच्या वहीत गाळ्यागणिक पाने आहेत आणि पानावर नावे: कोण कधी लागला, कधीपासून त्याचा चहा बंद झाला. फेडून गेलेल्याच्या नावावर तो सरळ रेघ मारतो. न फेडता गेलेल्याचे नाव तसेच राहू देतो, आणि नवा मुलगा आला की त्याच्या गावाचे नाव विचारून हळूच चौकशी करतो, "त्या बाजूचा आमचा एक जण होता, भेटतो का?" पैशांसाठी विचारतोस का, असे आम्ही त्याला एकदा म्हटले. "पैसे किती, साठ रुपये," तो म्हणाला, "पण काही बोलला नाही हो जाताना."